वाघाला जे ठाऊक नसतं

भोपळा वाघापाशी येऊन थांबतो, ती जागा म्हातारीच्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाची. लेकीकडे जाताना म्हातारीनं वाघाला शब्द दिलेला असतो, की चार दिवस तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा. परतताना ती भोपळ्यात बसून निघते. वाघ वाट अडवून बसलेलाच असतो. तो भोपळ्यालाच विचारतो, म्हातारी कुठं दिसली का? आतून म्हातारीच बोलते आणि साफ नाही म्हणते.

समोर बसलेलं तीन वर्षांचं पोर पुष्कळदा इथं ओरडतं, "आत आहे! आजी आत आहे!" वाघाला मदत करावी असं काही त्याच्या मनात नसतं. आपल्याला कळलंय ते वाघाला कळलेलं नाही आणि सगळी गंमत त्या फरकावरच उभी आहे, हे अजून त्याच्या ध्यानात आलेलं नसतं, इतकंच. शेजारची पाच वर्षांची बहीण मात्र चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवते. ती एकाच वेळी दोन मनं सांभाळत असते. वाघाला हा नुसता भोपळा वाटतोय, आणि वाघाला तसं वाटतंय हे म्हातारीला पक्कं ठाऊक आहे. कुणीही न शिकवता, एका गोष्टीच्या ओघात, तिचं हे अवघड गणित सुटलेलं असतं.

१९८३ साली हाइन्झ विमर आणि योझेफ पर्नर या संशोधकांनी हाच क्षण प्रयोगाच्या रूपात मांडला. माक्सी नावाचा मुलगा निळ्या कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. तो घरात नसताना आई ते हिरव्या कपाटात ठेवते. माक्सी परत येतो. आता तो चॉकलेट कुठं शोधेल? चार वर्षांच्या आतली मुलं बहुतेक वेळा हिरव्या कपाटाकडे बोट दाखवतात, कारण चॉकलेट तिथं आहे हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. त्यापुढच्या वयात उत्तर बदलू लागतं. माक्सी निळं कपाटच उघडेल, त्याला बिचाऱ्याला कुठं माहीत आहे, असं मूल म्हणू लागतं. दोन वर्षांनी सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी सॅली आणि ॲन या दोन बाहुल्या घेऊन हाच प्रश्न आणखी सोपा करून विचारला. आज बालमानसशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत या बाहुल्या भेटतात. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. मुलाच्या मनातली ही वाढ मोजायची, तर शास्त्रज्ञांनाही शेवटी गोष्टच सांगावी लागली.

दुसऱ्याला काय ठाऊक आहे, त्याला काय हवंय, तो कशाला घाबरलाय, याचा अंदाज बांधता येणं हा माणसांत राहण्याचा पाया आहे. खेळात आळीपाळीनं वागणं, रुसलेल्याची समजूत काढणं, कुणी फसवतंय हे ओळखणं, आपल्या बोलण्यानं समोरचा दुखावलाय हे कळणं, सगळं त्याच्यावरच उभं राहतं. आणि लहान मुलांच्या जुन्या गोष्टी पाहाव्यात तर त्यांतल्या कितीतरी याच एका खिळ्यावर टांगलेल्या आहेत. लाल टोपीवाल्या मुलीला आजीच्या पलंगावर लांडगा झोपलाय हे कळलेलं नसतं, ऐकणाऱ्याला कळलेलं असतं. हिमगौरी सफरचंद हातात घेते तेव्हा समोरची मुलं श्वास रोखतात. पंचतंत्रातलं माकड आपलं काळीज झाडावर राहिलंय असं सांगतं. मगरीला ते खरं वाटतं, आपल्याला वाटत नाही. विहिरीत डोकावणाऱ्या सिंहाला दुसरा सिंह दिसतो, सशाला आणि आपल्याला पाणी दिसतं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचा असा सराव शेकडो वर्षं मुलांकडून करवून घेतला गेला, तोही त्यांनीच "आणखी एकदा सांग" म्हणून मागितलेला.

टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले रेमंड मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली चार ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांच्या कानांवर गोष्टींची पुस्तकं जास्त पडली होती, त्यांना दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं अधिक चांगलं जमत होतं. शब्दसंपत्ती आणि घरची मिळकत यांचा हिशेब केल्यावरही हा संबंध टिकला. टीव्ही पाहण्याशी मात्र तसा संबंध आढळला नाही. गोष्टींमुळेच हे झालं, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. ज्या घरात गोष्टी सांगतात त्या घरात मुलांशी बोलणंही जास्त होत असेल. तरीही आजीआजोबांना जे अनुभवानं ठाऊक होतं, त्याला हा चांगला दुजोरा आहे.

मग तात्पर्याचं काय? आपल्याकडे गोष्ट संपली की "काय बोध घेतलास?" हा प्रश्न ठरलेला. शाळेच्या पुस्तकात तर गोष्टीखाली चौकट आखून बोध छापलेला असतो. माझं स्पष्ट मत असं आहे, की गोष्टीचं खरं काम त्या चौकटीत होत नाही. ते मधल्या वाटेत होतं, भोपळा थांबतो तिथं. आणि भीती घालून शिकवायला निघालेली गोष्ट तर बहुधा फुकटच जाते.

याची एक सुरेख चाचणी कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केली. तीन ते सात वर्षांच्या मुलांना एकेक करून खोलीत बसवलं, पाठीमागच्या खेळण्याकडे वळून पाहायचं नाही असं सांगितलं आणि मोठी माणसं थोडा वेळ बाहेर गेली. मुलं ती, वळून पाहणारच. मग परत येऊन त्यांना एक गोष्ट वाचून दाखवली आणि नंतर विचारलं, खरं सांग, पाहिलंस का? काहींना खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकवली होती, काहींना 'लांडगा आला रे आला'ची. काहींना खरेखोटेपणाशी संबंध नसलेली ससा-कासवाची. पिनोकिओ आणि लांडगा यांचा परिणाम ससा-कासवापेक्षा जराही जास्त झाला नाही. परिणाम झाला तो चौथ्या गोष्टीचा: चेरीचं झाड तोडल्याचं छोटा जॉर्ज वॉशिंग्टन वडिलांजवळ कबूल करतो आणि वडील त्याला जवळ घेतात. ती ऐकलेल्या मुलांनी खरं जास्त सांगितलं. पुढं संशोधकांनी त्याच गोष्टीचा शेवट बदलला, जॉर्जला खोटेपणाची शिक्षा दिली, तेव्हा तिचीही जादू गेली. खोटं बोलणाऱ्याला लांडग्यानं गाठलं हे ऐकून मूल घाबरतं. पण खरं सांगितल्यावर नातं तुटत नाही, उलट घट्ट होतं, हे ऐकून ते खरं सांगायला धजतं.

दुसरा एक अभ्यास मात्र प्राण्यांच्या गोष्टींवर प्रेम करणाऱ्यांना थोडा टोचेल. टोरांटोतल्याच संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की वाटून घेण्याचा धडा देणारं एकच पुस्तक माणसांच्या चित्रांसह वाचून दाखवलं, तेव्हा मुलांनी आपले स्टिकर दुसऱ्या मुलांसाठी जास्त सोडले. तेच पुस्तक कपडे घातलेल्या रॅकून नावाच्या प्राण्याच्या चित्रांसह वाचलं, तेव्हा तसं झालं नाही. ज्या मुलांना ते प्राणी आपल्यासारखे वाटले, ती मात्र जास्त देत होती. यावरून पंचतंत्र बाजूला ठेवावं असं मला वाटत नाही. ते पुस्तक धडा देण्यासाठीच लिहिलेलं होतं आणि एकदाच वाचलं गेलं. पंचतंत्रातला ससा वाटून घ्यायला शिकवतच नाही. आपल्याहून बलाढ्य असलेल्याशी कसं वागायचं, हा त्याचा विषय आहे आणि वर्गातल्या सगळ्यात लहान चणीच्या मुलाला तो रोज लागतो. पण एखादी चांगली सवय सरळ रुजवायची असेल तर माणसांच्या गोष्टी अधिक जवळच्या वाटतात, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

आपल्याजवळ अशा माणसांच्या गोष्टी आहेत, आणि त्या फार उंचीच्या आहेत. श्रावणातली खुलभर दुधाची कहाणी घ्या. आटपाट नगराच्या राजाला वाटतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरून काढावा. दवंडी पिटते. गावातल्या सगळ्यांनी घरातलं असेल नसेल तेवढं दूध देवळात आणून घालायचं. धाकानं माणसं तसं करतात. वासरांना पाजत नाहीत, पोरांना देत नाहीत, सगळं दूध गाभाऱ्यात ओततात. गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिनं आधी घरच्यांना जेवूखाऊ घातलेलं असतं, लेकीसुनांना न्हाऊ घातलेलं असतं, गाईवासरांना चारा दिलेला असतो. उरलेलं खुलभर दूध तेवढं ती घेऊन आलेली. ती ते वाहते आणि गाभारा भरून जातो.

सहा-सात वर्षांच्या मुलांना ही कहाणी सांगून मध्येच थांबावं आणि विचारावं, गाभारा का भरला? पहिलं उत्तर बहुधा "देवाला ती आवडली म्हणून" असं येतं. मग जरा थांबलं, की कुणीतरी वासरांवर येतं. वासरं रडत होती ना, त्यांचं दूध होतं ना ते. पुढं आणखी एखाद्याच्या ध्यानात येतं, की राजानं चांगल्या कामासाठीच सांगितलं होतं, तरी ते चुकलं होतं. हुकूम देणाऱ्याचंही चुकू शकतं, दान देताना कुणाच्या तोंडचा घास काढून घेतलाय ते पाहावं लागतं, मुक्या जिवांचाही हक्क असतो: नागरिकशास्त्राच्या तासाला हे शिकवायला गेलं तर मुलं जांभया देतील. कहाणीत ती स्वतः तिथवर चालत जातात. मी तर म्हणेन, न्यायाबद्दल इतकं नेमकं बोलणारी गोष्ट मुलांसाठी मुद्दाम लिहूनही सहजी साधणार नाही.

चिऊ-काऊची गोष्ट याहून लहान मुलांची, आणि तिच्यात उत्तर सरळ नाही. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला कावळा मेणाच्या घराचं दार ठोठावतो. चिमणी आत बाळाची आंघोळ, अंग पुसणं, काजळ-तीट यांत गुंतलेली, आणि प्रत्येक वेळी त्याला थांब म्हणते. "तो भिजतोय तरी ती उघडत का नाही?" असं मूल विचारतं. तेवढ्यात दुसरं म्हणतं, "पण तिचं बाळ लहान आहे." दोघांचंही खरं आहे. शेवटही घरोघरी वेगळा: कुठं कावळा चुलीपाशी ऊब घेत बसतो, कुठं त्याला चटका बसतो. दारात उभ्या असलेल्या गरजवंताचं आणि घरातल्या तान्ह्याचं एकाच वेळी कसं सांभाळायचं, हा मोठ्यांनाही न सुटलेला प्रश्न चार वर्षांच्या मुलापुढं इतक्या अलगद ठेवला जातो. तिथं "चिऊताई शहाणी, काऊ आळशी" असा बोध चिकटवून प्रश्न बंद करणं मला अन्यायाचं वाटतं.

राक्षस, चेटकीण, माणसं खाणारा वाघ यांमुळे मुलं घाबरतील ही काळजी जुनी आहे. सोव्हिएत रशियात तर परीकथाच मुलांना वास्तवापासून दूर नेतात म्हणून मोठा विरोध झाला. १९२८ साली लेनिन यांच्या पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया यांनी 'प्रावदा'मध्ये कोर्नेय चुकोव्स्की यांच्या मगरीवरच्या बालकाव्यावर कडक टीका लिहिली. चुकोव्स्की मागे हटले नाहीत. दुसऱ्याच्या दुःखानं अस्वस्थ होण्याची आणि दुसऱ्याच्या आनंदानं हरखून जाण्याची शक्ती मुलात परीकथा जागवते, असं त्यांनी मुलांच्या भाषेवरच्या आपल्या 'दोन ते पाच' या पुस्तकात ठासून मांडलं. मला त्यांचं पटतं. भीती गोष्टीत असते तेव्हा ती मांडीवर बसून ऐकता येते, आणि पोपटात जीव असलेला राक्षस शेवटी मरतोच. अर्थात अंधाराला आधीच बिचकणाऱ्या मुलाला रात्री नेमकी तीच गोष्ट सांगू नये, हे सांगणाऱ्यानं ओळखायचं असतं.

खरी काळजी वेगळ्या ठिकाणी करायला हवी. गोष्टींबरोबर पूर्वग्रहही येतात. ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला, तेव्हा हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलची आईही १८४०च्या आवृत्तीत सावत्र झाली. आईपणाची प्रतिमा जपण्यासाठी केलेला हा बदल जगभरच्या सावत्र आयांच्या माथी बसला. आपल्या गोष्टींतही सावत्र आई क्वचितच प्रेमळ असते, रूपवान तेवढी गुणी असते आणि राजकन्येला जिंकून नेलं जातं. वर्गात वडिलांनी दुसरं लग्न केलेलं एखादं मूल बसलेलं असेल, तर त्याच्या कानांवर हे कसं पडत असेल याचा विचार सांगणाऱ्यानं केलाच पाहिजे. ग्रिमना आवृत्ती बदलता आली, तशी आपल्यालाही बदलता येते. लोककथा कधीच दगडावर कोरलेली नव्हती. जी कहाणी नावडत्या राणीला गोठ्यात राहायला पाठवते, तीच पुढं तिच्या बाजूनं उभी राहते. बदलाची सोय आपल्या परंपरेतच आहे.

सांगणारा माणूस म्हणूनच महत्त्वाचा. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर १८६५-६६च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा बरोबर असलेल्या त्यांच्या मुलीनं, मेरी फ्रियरनं, आपली आया ॲना लिबेराता डिसूझा हिच्याकडून गोष्टी ऐकून लिहून घेतल्या. १८६८ साली त्या 'ओल्ड डेक्कन डेज' या नावानं लंडनमध्ये छापल्या गेल्या. त्यातल्या पहिल्याच गोष्टीत जादूगाराचा जीव पोपटात आहे. ॲनाचं घराणं मूळचं कालिकतचं, पुढं गोव्याजवळ स्थायिक झालेलं, आणि या गोष्टी तिनं लहानपणी भावंडांबरोबर आजीकडून ऐकलेल्या. मेरीनं एक चांगलं केलं: गोष्टींच्या आधी ॲनाची स्वतःची जीवनकहाणी तिच्याच तोंडून पुस्तकात घातली. गोष्ट कुणाकडून कुणाकडे आली हे त्यामुळे आज आपल्याला ठाऊक आहे.

सांगणाऱ्याचं हे मोल दूरच्या समाजांतही दिसतं. फिलिपीन्समधल्या आग्ता या शिकारी-संकलक लोकांत सूर्य आणि चंद्र यांच्या भांडणाची कथा सांगतात. आकाश कुणी उजळायचं यावरून दोघं झुंजतात, ताकद सारखी भरते, मग एक दिवस घेतो, एक रात्र. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्या वस्त्यांत चांगले कथेकरी जास्त, तिथली माणसं एकमेकांना अधिक वाटून देतात. आणि शेजारी कोण हवा असं विचारलं तर लोक कुशल शिकाऱ्यापेक्षाही कुशल कथेकऱ्याला पसंती देतात.

मुलांनी एकत्र बसून गोष्ट ऐकण्यातली ताकद आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी ओळखली होती. १९२६ साली त्यांनी आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. दोघांवर शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांचा मोठा प्रभाव. पण लहान वयात कल्पित गोष्टी नकोत, हे बाईंचं मत गिजुभाईंनी मानलं नाही. त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक चौथीच्या वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि पार फसतो. दुसऱ्या दिवशी तो राजा-राणीची गोष्ट सुरू करतो. गोंगाट करणारी तीच मुलं त्याच्याभोवती गोळा होऊन बसतात. छडी नाही, दरडावणं नाही. पुढं काय होणार हे सगळ्यांनाच ऐकायचं असतं, म्हणून जो तो शेजाऱ्याला गप्प करतो.

यापुढची पायरी व्हिव्हियन गसिन पेली या शिकागोच्या बालवर्गशिक्षिकेनं दाखवली. त्या मुलांना गोष्ट सांगत, तशीच मुलांची गोष्ट उतरवूनही घेत. मूल शेजारी येऊन बसे, मनात येईल ते सांगे, बाई शब्द न बदलता लिहीत. मग सतरंजीभोवती सगळा वर्ग बसे, बाई वाचत आणि मुलं ती गोष्ट करून दाखवत. त्यांच्या वर्गातही काही मुलांना खेळात कुणी घेत नसे. तेव्हा त्यांनी "तू खेळायचं नाहीस असं कुणी म्हणायचं नाही" हा नियम आणायचं ठरवलं, आणि तो लादण्याआधी मुलांशी, मोठ्या वर्गांतल्या मुलांशीही, त्यावर भरपूर चर्चा केली. त्याच काळात बाई एकाकी जिवांना शोधून सोबत करणाऱ्या मॅगपाय नावाच्या पक्ष्याची गोष्ट रोज थोडी थोडी सांगत राहिल्या. १९९२ सालच्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आलंय. नाटुकल्यात आपल्या दोस्तांनाच भूमिका देण्याची मुलांची रीतही मोडली. ज्याची पाळी येईल, त्याच्या वाट्याला ती भूमिका.

आपल्या अंगणवाडीत यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि बसायला सतरंजी पुरते. म्हातारीच्या गोष्टीपासून सुरुवात करावी. एक जण वाघ, एक जण कोल्हा, एकाला गुडघे पोटाशी घेऊन भोपळ्यात बसायचंय. दुसऱ्या दिवशी पाळी बदलते आणि कालची म्हातारी आज वाघ होऊन वाट अडवते.